डिग्रीच्या क्रेडिटमधूनच करिअर कसं चाचपून बघायचं: बीए, बीकॉम, बीएस्सीवाल्यांसाठी

ॲडमिशन झालं की पंधरा दिवसांत कॉलेजच्या ग्रुपवर एक गुगल फॉर्म येतो, "ओई निवडा, उद्या संध्याकाळी ५ पर्यंत", आणि मग सगळ्यांची एकच धांदल (ओई म्हणजे आपल्या निवडीचा पेपर). सोपा कुठला, कोणते सर शिकवणार, मैत्रिणीने कुठला घेतला, एवढं विचारलं की पाच मिनिटांत फॉर्म भरून मोकळे. तिसऱ्या वर्षाला हीच मुलं येऊन विचारतात की पुढे काय करू, मला नक्की काय आवडतं तेच कळत नाहीये, एखादा करिअरचा कोर्स सांगा ना. असे कोर्स बाहेर भरपूर मिळतात, फीसुद्धा भरपूर असते. पण मी त्यांना आधी त्यांची मार्कशीट काढायला सांगतो. कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या साध्या तीन वर्षांच्या डिग्रीत मेजर म्हणजे मुख्य विषयाच्या बाहेर इतकी क्रेडिट आलीत की ती नीट निवडली तर पाच-सहा दिशा चाचपून होतात, तेही वेगळी फी न भरता. ती नीट निवडायची कशी, तेवढ्यासाठीच हा लेख.

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत करिअर एक्स्प्लोरेशन म्हणून एक-दोन क्रेडिटचा कोर्सच असतो. त्यात मुलं स्वतःच्या आवडीची चाचणी देतात, वेगवेगळ्या कामातल्या माणसांना भेटून त्यांच्याशी बोलतात, थोडं काम जवळून बघतात आणि मग लिहून काढतात. स्टॅनफर्डमध्ये बिल बर्नेट आणि डेव्ह इव्हान्स यांनी असाच एक कोर्स चालवला, त्यात पुढच्या पाच वर्षांचे एक नाही तर तीन वेगवेगळे आराखडे करायला लावतात. आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत या नावाचा पेपर नसतो, पण त्याचे सगळे तुकडे डिग्रीत विखुरलेले आहेत. ते एकत्र जोडायचं काम तेवढं आपल्याला करावं लागतं.

पहिलं काम: तुमचा क्रेडिटचा तक्ता हातात घ्या

महाराष्ट्रात हा ढाचा ऑटोनॉमस कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. एका सेमला साधारण २० ते २२ क्रेडिट, तीन वर्षांचे मिळून १२० ते १३२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकल किंवा फिल्डचं म्हणजे ३० तास. विद्यापीठाप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, म्हणून दुसऱ्याच्या कॉलेजचा तक्ता बघून चालत नाही. आपल्या विद्यापीठाच्या वेबसाइटवर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते, पहिल्या चार-पाच पानांतच तक्ता असतो, तो डाउनलोड करा आणि प्रिंट काढा, खरंच काढा, मोबाइलवर झूम करून बघण्यात ती मजा नाही.

आता पेन घ्या आणि ज्या ज्या चौकटीत तुम्हाला निवडायला मिळतं तिथे गोल करा. मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, साधारण १८ ते २० क्रेडिट. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, १० ते १२ क्रेडिट, आणि यातली महत्त्वाची अट म्हणजे तो तुमच्या फॅकल्टीच्या बाहेरचाच घ्यावा लागतो. सायन्सवाल्याने कॉमर्स किंवा आर्ट्सचा, कॉमर्सवाल्याने सायन्स किंवा आर्ट्सचा. पुष्कळ मुलांना ही अट म्हणजे कटकट वाटते, मला तर अख्ख्या ढाच्यातली सगळ्यात चांगली गोष्ट हीच वाटते, कारण बारावीला एकदा सायन्स घेतलं की आयुष्यभर दुसरीकडे डोकावायचंच नाही असं जे आपल्याकडे चालत आलंय त्याला इथे पहिल्यांदा फट पडली. मग व्हीएससी आणि एसईसी, कौशल्याचे पेपर, मिळून १४ ते १६ क्रेडिट. त्यातला व्हीएससी मेजरशी जोडलेला असतो. पुढे फिल्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि शेवटी ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग किंवा इंटर्नशिप, ४ क्रेडिटची, म्हणजे १२० तास. एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक हे को-करिक्युलरमध्ये येतं.

गोल मोजा. पहिल्यांदा मोजणारा प्रत्येक जण चमकतो, एकूण क्रेडिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जागा निवडीच्या निघतात.

दुसरं: करिअरचं नाव नको, प्रश्न लिहा

"मला डेटा सायंटिस्ट व्हायचंय" किंवा "मला एचआरमध्ये जायचंय" असं लिहिलं की चाचपणी तिथेच थांबते, कारण त्यात तपासण्यासारखं काही उरतच नाही. त्याऐवजी असं लिहा: दिवसभर स्क्रीनसमोर आकड्यांत बसायला मला जमेल का? अनोळखी माणसांशी बोलून काम करून घेणं मला आवडतं का नुसतं जमतं? प्रयोगशाळेतलं तेच तेच काम मला शांत करतं का कंटाळा आणतं? गावाजवळ राहून करता येईल असं माझ्या विषयात काय आहे? असे चार-पाच प्रश्न झाले तरी खूप झालं. पुढची प्रत्येक निवड यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला करायची.

प्रश्न सुचत नसतील तर आवडीची एखादी चाचणी द्या. जॉन हॉलंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेली सहा प्रकारांची पद्धत आजही सगळीकडे वापरतात: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन काम उभं करणारे आणि नीटनेटकी व्यवस्था ठेवणारे. अमेरिकेच्या कामगार खात्याची ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर म्हणून ६० प्रश्नांची चाचणी ऑनलाइन फुकट आहे, वीसेक मिनिटं लागतात. शेवटी ती नोकऱ्यांची यादी दाखवते, ती अमेरिकेतली असते म्हणून तिकडे फार लक्ष देऊ नका, आपल्याला फक्त वर आलेले दोन-तीन प्रकार हवेत. समोर बसून कुणीतरी समजावून सांगणारं हवं असेल तर पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत अभिक्षमता चाचणी आणि समुपदेशन होतं, त्याला फी असते.

एक सांगून ठेवतो. चाचणीतून "तुम्ही शिक्षक व्हा" असं उत्तर कधीच येत नाही, यायलाही नको. त्यातून प्रश्न मिळतात. माणसांत रमणारा प्रकार वर आला तर शिकवण्यात, नर्सिंगमध्ये, एचआरमध्ये, सामाजिक कामात, बँकेच्या काउंटरवर, सगळीकडे माणसंच असतात आणि या प्रत्येक ठिकाणचा दिवस वेगळा जातो. तो दिवस बघायला पुढच्या पायऱ्या.

तिसरं: ओई आणि व्हीएससीची निवड, फॉर्म यायच्या आधी

फॉर्म आल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून आदल्या सेमच्या परीक्षा संपल्या की लगेच डिपार्टमेंटला जा आणि पुढच्या सेमला कुठले ओई आहेत याची यादी मागा. यादी तयार नसेल तर मागच्या वर्षीची मागा, साधारण तीच असते. नुसत्या नावावर जाऊ नका. "आर्थिक साक्षरता" नावाचा पेपर एका कॉलेजात खरोखर शेअर बाजार, विमा आणि कर समजावून देणारा असतो आणि दुसरीकडे नुसत्या व्याख्या पाठ करायला लावणारा. सिलॅबसची पीडीएफ बघा आणि शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दोन गोष्टी विचारा: इंटर्नलला काय असतं, आणि प्रत्यक्ष काही करून घेता का. इंटर्नलला एमसीक्यू असेल तर त्या पेपरातून तुम्हाला तुमच्याबद्दल फारसं कळणार नाही. बाजारात जाऊन दहा दुकानदारांशी बोलून रिपोर्ट लिहायचा असेल, एखादी बातमी लिहून आणायची असेल, छोटा हिशोब एक्सेलमध्ये मांडायचा असेल, तर तो पेपर घ्या, भले मार्क दोन कमी पडले तरी चालतील.

अडचण अशी की मुलं कमी असली तर कॉलेज ओई सुरूच करत नाही. किमान संख्या किती लागते ते ऑफिसात विचारा आणि तेवढी मुलं गोळा करून एचओडींना एकत्र भेटा. एकट्याने जाऊन "मॅडम, पत्रकारितेचा पेपर ठेवा ना" म्हटलं तर काही होत नाही, वीस-पंचवीस जणांच्या सह्यांचा अर्ज दिला की विचार करावाच लागतो. मुलांच्या मागणीवरून पेपर सुरू झालेले मी बघितलेत, आणि असे पेपर चांगले चालतात कारण बसलेली मुलं स्वतःहून आलेली असतात.

दर सेमला वेगळ्या दिशेचा ओई घ्यायचा का एकाच दिशेने जायचं? पहिल्या वर्षी वेगळे घ्या, हे माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या सेमला पैशाशी संबंधित काही घेतलं तर दुसऱ्याला भाषा किंवा मानसशास्त्राकडचं घ्या. दुसऱ्या वर्षी मात्र ज्यात थोडी ओढ जाणवली त्यातच पुढचा पेपर घ्या, कारण पहिला पेपर सगळ्यांनाच ओळखीपुरता आवडतो, खरी पारख दुसऱ्यात होते. मायनर एकदा निवडलं की बदलणं अवघड जातं, तेव्हा त्याचा निर्णय कॉलेज देईल तितका उशिरा घ्या.

चौथं: कॉलेजात नसेल तर स्वयम

तालुक्याच्या कॉलेजात पर्याय कमी असतात, शिक्षकच कमी असतात, हे खरंय आणि त्यात मुलांचा काहीच दोष नाही. तिथे स्वयम उपयोगी पडतं. केंद्र सरकारचं हे पोर्टल २०१७ पासून आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे कोर्स, आयआयएम बंगळुरूचे मॅनेजमेंटचे, सीईसीचे पदवीच्या विषयांचे, सगळं एका ठिकाणी. शिकणं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी, एनपीटीईएलला ती एका कोर्सला साधारण १,००० रुपये, आणि परीक्षा सेंटरवर जाऊन द्यावी लागते. यूजीसीच्या नियमाप्रमाणे एका सेमच्या ४० टक्क्यांपर्यंत पेपर स्वयमवरून करता येतात, पण ते तुमच्या विद्यापीठाने आणि कॉलेजने मान्य केले असतील तरच.

इथेच मुलं फसतात, म्हणून क्रम नीट लक्षात ठेवा. आधी कॉलेजच्या स्वयम समन्वयकाला भेटायचं, कुठला कोर्स कुठल्या पेपरच्या जागी धरला जाईल ते विचारायचं आणि लेखी घ्यायचं, साधा ईमेल असला तरी चालेल. मग नोंदणी. आधी कोर्स पूर्ण करून नंतर क्रेडिट मागायला गेलं की ऑफिसातून नुसती मान हलते. जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत कोर्स सुरू होतात. १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा, ८ आठवड्यांचा २ क्रेडिटचा. एनपीटीईएलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ मार्क, पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३०, दोन्ही वेगवेगळे लागतात. असाइनमेंट दर आठवड्याला असतात आणि तारीख उलटली की पोर्टल घेत नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी परीक्षेची नोंदणी न करता एखाद्या कोर्सचे पहिल्या दोन आठवड्यांचे व्हिडिओ बघा, सबटायटल लावून, स्पीड कमी करून. तेवढ्यातच कळतं की अडचण भाषेची आहे का विषयाची. विषय आवडत असेल तर भाषा दोन-तीन आठवड्यांत कानाला बसते.

हे करताना अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे तुमची सगळी क्रेडिट जमा होतात ते, खातं डिजिलॉकरमधून उघडलेलं असलं पाहिजे आणि त्यातलं नाव आधारवर आणि कॉलेजच्या नोंदीत एकसारखं पाहिजे. वडिलांचं नाव मधे आहे का नाही, आडनाव आधी का शेवटी, एवढ्याशा फरकाने क्रेडिट अडकतात. पहिल्या वर्षीच दुरुस्त करून घ्या, तिसऱ्या वर्षी आधार केंद्राच्या रांगेत उभं राहायला वेळ नसतो.

पाचवं: माणसांशी बोला, आणि बोलायचं कसं

या सगळ्यात फुकट आणि सगळ्यात कामाची पायरी हीच, आणि मुलं सगळ्यात जास्त टाळतात तीही हीच. "मी त्यांना ओळखत नाही, त्यांना कसं विचारू?" अहो, माणसांना स्वतःच्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं तर बरं वाटतं. कॉलेजचे माजी विद्यार्थी, गल्लीतला दादा, आत्याचे दीर, बँकेतले साहेब, जिथून जमेल तिथून सुरुवात करा. दर सेमला दोन माणसं धरली तरी तीन वर्षांत बारा होतात.

मेसेज छोटा आणि स्पष्ट पाहिजे. असा:

"नमस्कार मॅडम, मी बीकॉम दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या देशमुख सरांनी तुमचा नंबर दिला. सीए ऑफिसमधलं रोजचं काम कसं असतं ते समजून घ्यायचं आहे. नोकरी किंवा आर्टिकलशिप मागण्यासाठी मेसेज करत नाहीये. तुमच्या सोयीने वीस मिनिटं भेटता किंवा फोनवर बोलता येईल का? चार प्रश्न लिहून ठेवले आहेत."

(आर्टिकलशिप म्हणजे सीए होण्यासाठी सीएच्या हाताखाली करायची उमेदवारी.) नोकरी मागत नाहीये हे वाक्य नक्की घाला, समोरचा माणूस त्याने मोकळा होतो. आणि भेटल्यावर "मॅडम, या फिल्डला स्कोप आहे का" हा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर प्रत्येकाकडे ठरलेलं असतं. असं विचारा: काल सकाळी ऑफिसला आल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत? यातलं कुठलं काम कुणी दुसऱ्याने केलं तर तुम्हाला आनंद होईल? माझ्या वयाच्या मुलाला या कामात पहिल्या वर्षी काय करावं लागतं? कोण हे काम सोडून जातं आणि का? शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. आणि निघताना, "अजून कुणाशी बोलू?"

वेळही विचार करून निवडा. सीए ऑफिस बघायचं असेल तर महिन्याच्या ५ तारखेला गेलात तर चहा मिळेल, गप्पा होतील आणि काम छान वाटेल. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या रिटर्नची मुदत ११ तारीख आणि ३बी या रिटर्नची २० तारीख असते. १८-१९ तारखेला परवानगी काढून कोपऱ्यात दोन तास बसा. क्लायंट बिलं व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवतोय, त्यातलं एक अंधुक आहे, पोर्टल मधेच लटकतंय, आर्टिकलचा मुलगा टॅलीतला फरक शोधतोय, आणि मॅडम एकाच वेळी तिघांशी फोनवर बोलतायत. हे बघून ज्याला वाटलं की अरे, तो फरक मी शोधून देतो, त्याने सीएचा विचार जरूर करावा. ज्याला घाम फुटला त्यालाही उत्तर मिळालं, आणि तेही आर्टिकलशिपची दोन वर्षं घालवायच्या आधी. शिक्षक व्हायचं असेल तर तसंच, शाळेत गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका, पेपर तपासणी आणि माहिती भरण्याच्या आठवड्यात जा.

अनेक कॉलेजांत करिअर कट्टा चालतो, त्यात अधिकारी आणि उद्योजकांशी गाठीभेटींचे कार्यक्रम असतात. त्यांना जा, पण भाषण ऐकून परत येऊ नका, संपल्यावर पुढे जाऊन वरचेच प्रश्न विचारा.

सहावं: फिल्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, इथे कंजूषी नको

खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी फिल्ड प्रोजेक्ट म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलाची फाइल आणून नाव बदलणं असं चालतं, आणि ओजेटी म्हणजे काकांच्या दुकानाच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट. पास होता येतं, नाकारत नाही. पण नोकरी न धरता, नोकरी न सोडता १२० तास एखाद्या कामाच्या आत राहायची परवानगी तुम्हाला पुन्हा कधी मिळणार आहे? पुढे प्रत्येक प्रयोगाला महिने आणि वर्षं द्यावी लागतात.

जागा शोधायला ओजेटीच्या आदल्या सेमपासूनच लागा. केंद्राच्या कामगार मंत्रालयाच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी फुकट आहे, ती करून ठेवा. पण छोट्या गावात पोर्टलपेक्षा पायी फिरणं जास्त चालतं: एमआयडीसीतली लॅब, सहकारी पतसंस्था, स्थानिक दैनिकाचं ऑफिस, कृषी सेवा केंद्र, नगरपालिकेचं वाचनालय, वकिलांचं ऑफिस, गावात काम करणारी सामाजिक संस्था. कॉलेजचं पत्र बरोबर घ्या, त्यावर तास आणि कालावधी लिहिलेला पाहिजे. आणि इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या, दोन हजार भरा आणि घरबसल्या सर्टिफिकेट घ्या म्हणणाऱ्या जाहिरातींपासून चार हात लांब राहा. त्या कागदाने क्रेडिट मिळालं तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

तिथे गेल्यावर रोज रात्री दहा मिनिटं लिहा. कॉलेजला द्यायचं जर्नल वेगळं, हे स्वतःसाठी. आज काय केलं, कशात वेळ कसा गेला कळलं नाही, कशात घड्याळ बघितलं, एवढंच. बीएस्सी केमिस्ट्रीच्या एका मुलीने पाणी तपासणीच्या लॅबमध्ये ओजेटी केली. जाताना तिची खात्री होती की क्वालिटी कंट्रोलमध्येच जायचं. तिच्या वहीत पहिला आठवडा सगळा टायट्रेशनचा होता, हार्डनेस काढताना वाइनसारखा लाल रंग निळा होतो ते बघायला तिला आवडत होतं. तिसऱ्या आठवड्यात तेच टायट्रेशन "परत तेच" असं एका ओळीत आलं होतं. पण मधेमधे एक वेगळीच गोष्ट डोकावत होती: बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट न्यायला शेतकरी यायचे, त्यांना टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) म्हणजे काय, हे पाणी ठिबकला चालेल का, नळ्या चोक होतील का, हे समजावून सांगायला लॅबवाले तिला पुढे करायचे, आणि त्या दिवशीचं लिखाण दोन-दोन पानं भरलेलं. मी तिला काहीच सांगितलं नाही, वही परत वाच एवढंच म्हटलं. तिने पुढे माती-पाणी परीक्षण आणि शेती सल्ल्याकडची वाट धरली. तीन वर्षं केमिस्ट्री शिकून जे कळलं नव्हतं ते त्या १२० तासांत कळलं, आणि केमिस्ट्री वायाही गेली नाही.

घरची परिस्थिती बेताची असेल आणि बिनपैशाची इंटर्नशिप परवडत नसेल तर कमवा व शिका योजनेची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी घालून दिलेली ही वाट आजही आपल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत चालू आहे. काम मागताना नुसतं "काहीही द्या सर" म्हणू नका. लायब्ररी, लॅब, ऑफिस, बाग यातलं तुमच्या प्रश्नाच्या जवळचं मागा. लायब्ररीत दोन सेम काम करून ग्रंथालयशास्त्राकडे वळलेली मुलं आहेत.

एमपीएससी करणाऱ्यांसाठी वेगळं

हा विषय टाळून महाराष्ट्रात करिअरवर लिहिताच येत नाही. डिग्री झाली की पुण्यात खोली घेऊन बसायचं, हा निर्णय कितीतरी घरांत काहीही न तपासता घेतला जातो आणि मग चार-पाच वर्षं जातात. माझा स्पर्धा परीक्षेला विरोध नाही, चांगले अधिकारी आपल्याला हवेच आहेत. पण ही वाटसुद्धा डिग्री चालू असतानाच चाचपता येते.

आयोगाच्या वेबसाइटवर जुने पेपर आहेत. पहिल्या वर्षीच्या सुट्टीत राज्यसेवा पूर्व परीक्षेचा एक पेपर वेळ लावून घरी सोडवा. मार्क किती पडले ते सोडून द्या, पेपर झाल्यावर चुकलेले प्रश्न शोधून वाचावेसे वाटले का ते बघा. ओईमध्ये राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्राचा पेपर घ्या. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे पानंच्या पानं लिहावं लागणार, तेव्हा एक सेमभर आठवड्याला दोन उत्तरं लिहून आपल्याच प्राध्यापकांकडून तपासून घ्या. आणि तहसील कार्यालयात एक दिवस बसून या, दाखल्यांच्या रांगेशेजारी. पुष्कळ मुलांना परीक्षेची ओढ असते पण त्या खुर्चीतल्या कामाची कल्पनाच नसते. फिल्ड प्रोजेक्ट ग्रामपंचायतीवर घेतला तर ग्रामसभा, आराखडा, निधी हे सगळं जवळून दिसतं. एवढं करूनही मन तिकडेच धावत असेल तर खुशाल जा, पण किती वर्षं द्यायची आणि बरोबर दुसरं काय चालू ठेवायचं ते घरी बसून आधीच ठरवा.

सातवं: दर सेमला एक पान

प्रत्येक ओई, स्वयम कोर्स, भेट, प्रोजेक्ट संपला की एक पान लिहा. कुठला प्रश्न घेऊन गेलो होतो, काय बघितलं, कुठल्या कामात रमलो, कुठलं काम पैसे मिळाले तरी रोज करणार नाही, आणि पुढचा प्रश्न काय. "आवडलं" किंवा "बोअर झालं" असं एका शब्दात लिहू नका. शिकवणारा चांगला होता म्हणून आवडलं का विषय आवडला, मित्र बरोबर होते म्हणून मजा आली का काम आवडलं, हे वेगळं करून लिहा, हे जमायला वेळ लागतो.

नकार आला तर तोही पूर्ण निकाल आहे. एका सेमच्या दोन क्रेडिटमध्ये "मार्केटिंग मला नको" हे कळणं म्हणजे एमबीएची लाखोंची फी भरून कळण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

घरच्यांशी बोलताना हीच पानं कामाला येतात. "बाबा, मला सायकॉलॉजी करायचंय" एवढंच म्हटलं की पहिला प्रश्न येतो, त्यात नोकरी कुठेय, आणि तो प्रश्न काळजीपोटी असतो. "बाबा, मी दोन पेपर केले, तीन समुपदेशकांना भेटले, एका शाळेत १२० तास काम केलं, सुरुवातीला पगार एवढा असतो आणि एमए करायला दोन वर्षं लागतात" असं सांगितलं की बोलणं वेगळ्या वळणाने जातं. आईला आधी सांगा, शक्य असेल तर ज्यांना भेटलात त्यातल्या एकाशी घरच्यांचं फोनवर बोलणं करून द्या. शेतकरी किंवा मजुरी करणाऱ्या घरात मुलगी पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली असते तिथे तर हे फारच लागतं, कारण त्या घराला या कामांची नावंच ऐकून माहीत नसतात, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला हो म्हणणं कुणालाच सोपं जात नाही.

पाचव्या सेमच्या सुरुवातीला

इथे सगळी पानं काढून एकत्र वाचा आणि स्टॅनफर्डवाल्यांसारखे तीन आराखडे करा: आत्ता जे चाललंय तेच पुढे नेलं तर, ते बंद पडलं तर, आणि पैशाची व लोक काय म्हणतील याची काळजी नसती तर. तिन्हींतल्या प्रत्येकासाठी पुढचं एक वर्ष महिन्यांसकट लिहा, मग खर्च लिहा. बहुतेक वेळा तिसऱ्यातलं काहीतरी पहिल्यात बसवता येतं.

मग तारखा. एमबीए, एमसीए, तीन वर्षांचं एलएलबी, बीएड यांच्या प्रवेश परीक्षा राज्याचा सीईटी सेल घेतो आणि त्यांचे अर्ज डिग्रीचा निकाल यायच्या बरेच आधी, तुमचं शेवटचं सेम चालू असतानाच भरावे लागतात, म्हणून निर्णय दिवाळीपर्यंत व्हायला हवा. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं असेल तर तुमच्या कॉलेजला त्याची मान्यता आहे का ते आत्ताच विचारा. रिसर्चसह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सेमला ७५ टक्के लागतात, आणि चार वर्षांच्या डिग्रीनंतर पीजी एका वर्षात होऊ शकतं. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबायची वेळ आली तर सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो, पण त्यासाठी ४ क्रेडिटचा जादा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते, नुसतं कॉलेज सोडून भागत नाही.

ओजेटीचं सर्टिफिकेट शेवटच्या दिवशीच घ्या, तास, तारखा आणि केलेलं काम लिहिलेलं, सही-शिक्क्यासकट. सही करणारे साहेब पुढच्या महिन्यात बदलून जातात आणि मग त्या एका कागदासाठी मुलं निकालापर्यंत हेलपाटे घालत बसतात.